मुलाचं नाव लसचाचणीत घालायचं का? सही करण्याआधीचा गृहपाठ

बाळाला डोसासाठी नेलं, वजन झालं, टोचून झालं, रडणंही आवरलं. निघता निघता डॉक्टर म्हणतात, "आमच्याकडे एका नव्या लशीची ट्रायल चालू आहे. तुमची मुलगी त्यात बसते. बघा विचार करून." शेजारची कोऑर्डिनेटर मॅडम हातात वीस पानांचं बाड ठेवते. 'बसते' याचा अर्थ वयाच्या आणि प्रकृतीच्या अटींत बसते, एवढाच. पण ऐकताना कुणाच्या पोटात गोळा येतो, तर कुणाला मुलीची निवड झाल्यासारखं वाटतं.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीवर, सहा वर्षं 'सामान्य नागरिक' म्हणून बसले. कायद्यानेच ही खुर्ची ठेवलेली आहे. वैद्यकाशी संबंध नसलेल्या माणसाने संमतीपत्रक साध्या आईबापांच्या नजरेने वाचावं, अशी त्यामागची अपेक्षा. मुलांच्या चाचण्यांची बरीच पत्रकं त्या काळात नजरेखालून गेली. आईबाप लशीबद्दल पुष्कळ विचारतात आणि चाचणीबद्दल फारच थोडं, हे तेव्हा सारखं जाणवायचं. लस गुणाची निघेल की नाही हे कंपनीलाही पुरतं ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर चाचणीचा खटाटोप कशाला केला असता? ती चाचणी कोण, कशी, किती दिवस चालवणार आहे आणि काही बिनसलं तर कोण धावून येणार आहे, हे मात्र आजच कळू शकतं. म्हणून खालचा सगळा गृहपाठ चाचणीबद्दल आहे.

१. समोर नेमकं काय आहे ते ओळखा

लसीकरण, मोहीम आणि चाचणी यांत गल्लत होते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची लस द्यायला सुरुवात केली, ती मोहीम होती. त्या लशीला परवाना आधीच मिळालेला होता. चाचणीत लशीला परवाना मिळालेला नसतो, किंवा मिळालेला असला तरी नवा वयोगट, कमी डोस, वेगळं अंतर असं काहीतरी तपासलं जात असतं. खूण सोपी आहे: माहितीपत्रक हातात देऊन सही मागितली आणि 'तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता' असं वाक्य त्यात दिसलं, तर ते संशोधन आहे.

ही खूण पाहायला लावणारं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस दिली गेली. नाव होतं 'प्रात्यक्षिक प्रकल्प'. त्यातल्या सात मुलींचा पुढे मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशी समितीला ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही. पण संमतीच्या कागदांनी लाज आणली. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालात आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मचा हिशेब आहे: १,९४८ वर अंगठे आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. म्हणजे आईबापांना न विचारताच मुलींना सुई लागली होती. तेव्हा शाळेतून, वसतिगृहातून किंवा अंगणवाडीतून असा कागद घरी आला, तर 'सरांनी सांगितलंय' एवढ्यावर सही करू नका. 'ही ट्रायल आहे का?' असा थेट प्रश्न विचारा आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच घ्या.

२. कागद घरी आणा

माझी पहिली कसोटी हीच. 'इथेच वाचा, इथेच सही करा, आज शेवटचा दिवस आहे' असं कुणी म्हणालं, तर पुढचं काही न वाचता उठलात तरी चालेल. विचाराला पुरेसा वेळ देणं ही संशोधकाची जबाबदारी आहे आणि कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मराठी कुटुंबाला मराठी प्रत. वाचता येत नसेल, तर सगळं वाचून दाखवताना संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो आणि त्याचीही सही होते.

मराठी प्रत मिळाली म्हणजे कळलं असं मात्र नाही. ही भाषांतरं बहुतेकदा शब्दकोश उघडून केलेली असतात. कमिटीतर्फे एकदा संमतीची प्रक्रिया कशी चालते ते पाहायला गेले होते. मांडीवर दहा महिन्यांचं पोर घेतलेली एक आई ओळीखाली पेन्सिल फिरवत वाचत होती. एका शब्दाशी थांबली आणि मलाच विचारलं, "बाई, हे 'यादृच्छिक' म्हणजे आमच्या इच्छेनं का?"

तिचं काही चुकलं नव्हतं. शब्दात 'इच्छा' ऐकूच येते. कोऑर्डिनेटर म्हणाली, "नाही ताई. चिठ्ठ्या टाकतात ना, तसं. कोणत्या बाळाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हणजे माझ्या पोराला लस मिळेलच असं नाही?"

"नाही."

तिने पेन्सिल ठेवून दिली. म्हणाली, "मग ह्यांना विचारते आज." आणि कागद घडी करून पिशवीत घातले. वीस पानांत जे कळलं नव्हतं, ते त्या एका प्रश्नाने कळलं. पुढच्या बैठकीत आम्ही तो शब्द काढायला लावला.

तुमच्या प्रतीत भेटतील असे आणखी काही शब्द. 'प्लासिबो' म्हणजे दिसायला लशीसारखं, पण आत लस नसलेलं द्रावण. 'डबल ब्लाइंड' म्हणजे तुमच्या मुलाला काय दिलं हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि टोचणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. ते गुपित सीलबंद असतं आणि प्रसंग पडला तर फोडता येतं. 'प्रतिकूल घटना' म्हणजे लस दिल्यानंतर झालेला कोणताही त्रास, मग तो लशीमुळे असो वा नसो. सायकलवरून पडून हात मोडला तरी त्याची नोंद होते. म्हणून अहवालात प्रतिकूल घटनांचा आकडा मोठा दिसला तर लगेच घाबरू नका.

आणि 'फेज', म्हणजे टप्पा. पहिल्या टप्प्यात थोडी माणसं, दुसऱ्यात काहीशे, तिसऱ्यात हजारो. लहान मुलांच्या लशी साधारणपणे आधी मोठ्या माणसांना देऊन पाहतात, मग किशोरांना, मग खाली खाली उतरत तान्ह्यांपर्यंत येतात. २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनची २ ते १८ वयोगटातली चाचणी अशीच झाली. एकूण ५२५ मुलं, आधी १२ ते १८, मग ६ ते १२, शेवटी २ ते ६. नागपुरातली मुलंही त्यात होती. त्या चाचणीत प्लासिबो नव्हता. प्रत्येक मुलाला लसच मिळाली, कारण मुलांच्या शरीरात मोठ्यांइतकी प्रतिकारशक्ती तयार होते का आणि लस त्यांना सोसते का, एवढंच पाहायचं होतं. तेव्हा तुमच्या मुलाच्या वरच्या वयोगटात ही लस किती जणांना दिली गेली आणि त्यांचं काय झालं, हे आवर्जून विचारा. उत्तर एका आकड्यात मिळायला हवं.

३. नोंदणी क्रमांक पाहा

पाच मिनिटांचं काम आहे. भारतातली प्रत्येक क्लिनिकल चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. क्रमांकाची सुरुवात 'सीटीआरआय' या अक्षरांनी होते, पुढे वर्ष, महिना आणि आकडा. संकेतस्थळावर तो टाकला की पुरस्कर्ता, म्हणजे चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था, कोण, कोणकोणत्या रुग्णालयांत चाललं आहे, किती मुलं हवी आहेत, औषध महानियंत्रकांची, म्हणजे औषधांना परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांची, परवानगी आहे का, कोणत्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली, हे सगळं दिसतं. तुमचं रुग्णालय त्या यादीत नसेल तर का नाही ते विचारा. क्रमांकच नसेल, तर विचारण्यासारखं काही उरत नाही.

एथिक्स कमिटीचा पत्ता आणि फोनही पत्रकात असतो. तो शोभेसाठी नाही. सहा वर्षांत आमच्या कमिटीला पालकांचे फोन आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला प्रत्येक फोन रास्त होता.

४. दुसऱ्या गटातल्या मुलाला काय मिळणार?

चाचणीचा कस इथे लागतो. आपलं मूल नवी लस न मिळणाऱ्या दुसऱ्याच गटात गेलंय असं समजा आणि मग विचार करा.

पुणे जिल्ह्यातल्या वढू इथे, दिल्लीत आणि वेल्लोरमध्ये २०११ पासून रोटाव्हॅक या भारतीय लशीची मोठी चाचणी झाली. लहान मुलांना जुलाबाने बेजार करणाऱ्या रोटा विषाणूवरची ही लस. ६,७९९ बाळं, दर तिघांत दोघांना लस आणि एकाला प्लासिबो. डोस सहा-सात, दहा आणि चौदा आठवड्यांच्या सुमारास. रोटाच्या तीव्र जुलाबापासून जवळपास ५४ टक्के संरक्षण मिळतं, असं त्यातून दिसलं आणि २०१६ पासून रोटाची लस सरकारी कार्यक्रमात आली. आज आपल्या बाळाला आरोग्य केंद्रात रोटाचे थेंब फुकट मिळतात, त्यामागे ती वढूची बाळं आणि त्यांचे आईबाप आहेत.

त्याच चाचणीवर एक आक्षेपही घेतला गेला होता, आणि तो मला आजही हलका वाटत नाही. रोटाची परदेशी लस तेव्हा खासगी दवाखान्यांत विकत मिळत होती. मग तिसऱ्या बाळाला प्लासिबो का? ती लस महाग होती, सरकारी कार्यक्रमात नव्हती, त्यामुळे या बाळांना एरवीही मिळाली नसती, असं उत्तर दिलं गेलं. शिवाय चाचणीतल्या मुलांवर सतत लक्ष ठेवून जुलाब लागले की उपचार होत होते. उत्तर पटण्यासारखं आहे, पण पुरतं पटत नाही, अशी माझी अवस्था आहे. ज्याला ती महागडी लस परवडत होती, त्या बापाने नकार दिला असता तर तो शहाणपणाच ठरला असता.

तर तीन गोष्टी विचारा. या आजारावर दुसरी लस आज मिळते का? मिळत असेल तर दुसऱ्या गटाला ती का देत नाही? आणि चाचणी संपल्यावर, लस उपयोगी ठरली तर, प्लासिबो मिळालेल्या मुलांना ती मोफत देणार का? काही चाचण्यांत दुसऱ्या गटाला कोऱ्या द्रावणाऐवजी वेगळ्याच आजाराची उपयोगी लस देतात. ते चांगलं.

याच ओघात आपलं माता-बाल संरक्षण कार्ड काढून ठेवा. नेहमीच्या लशींपैकी कोणती पुढे ढकलावी लागणार आहे, किती आठवडे, आणि ती नंतर कोण देणार, हे कार्डावर बोट ठेवून विचारा. ढकलावी लागणार असेल आणि कारण गुळमुळीत असेल, तर नको म्हणा. आणि मूल दुसऱ्या एखाद्या चाचणीत आधीच असेल, तर ते लपवू नका.

५. टोचण्या मोजा, खेपा मोजा

हे काम स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर करायचं. पत्रकात भेटींचा तक्ता असतो. प्रत्येक भेट तारखेवर मांडा आणि पुढे लिहा: लस, रक्त, नुसती तपासणी, की फोन. मग बेरीज करा. दोन डोसांची चाचणी म्हणता म्हणता एकूण सहा-सात खेपा आणि चार वेळा रक्त निघतं, असं पुष्कळदा होतं. दर वेळी किती मिली रक्त, ते लिहा. तान्ह्या बाळाची शीर सापडत नाही, दोनदा-तीनदा टोचावं लागतं. 'किती वेळा प्रयत्न करून थांबणार?' हा प्रश्न नर्सला विचारायला लाजू नका.

आमच्या कमिटीकडे एकदा पत्रक आलं होतं, त्यात मुलाचं रक्त 'एक चमचा' घेणार असं छापलेलं. वाचायला बरं वाटतं. मी विचारलं, चहाचा की पोह्यांचा? सगळे हसले, पण पुढच्या प्रतीत मिलीलिटर आले.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात. घरी जाताना डायरी कार्ड, थर्मामीटर आणि टोचल्याजागी आलेली सूज मोजायला पट्टी देतात. पहिला आठवडाभर रोज ताप, सूज, खाणं, रडणं, झोप यांची नोंद करायची असते. हे काम कोण करणार? आई कामावर आणि बाळ आजीकडे असेल, तर आजीला थर्मामीटर वाचता येतो का? हसण्यावारी नेऊ नका, कारण चाचणीचा सगळा डोलारा या कार्डांवर उभा असतो. सहाव्या दिवशी आठवून आठवून भरलेलं कार्ड तुमच्या मुलाच्याही कामाचं नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. दिवाळीत गावी, मे महिन्यात कोकणात, असा बेत असेल तर तोही आधीच सांगा.

शेवटची तारीख नीट पाहा. जितका जास्त काळ लक्ष ठेवणार, तितकं चांगलं. डेंग्यूच्या एका लशीच्या आशियातल्या चाचणीत सुरुवातीला आकडे चांगले होते. तिसऱ्या वर्षी मात्र लस घेतलेल्या २ ते ५ वर्षांच्या मुलांना डेंग्यूने रुग्णालयात जावं लागण्याचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा जास्त निघालं. लक्ष ठेवणं वर्षभरात थांबवलं असतं, तर हे चाचणीत कळलंच नसतं. वर्षानुवर्षं फोन येत राहणं जाचक वाटतं खरं, पण 'सहा महिन्यांत मोकळे' या आमिषापेक्षा ते बरं.

६. काही झालं तर?

पत्रकाच्या शेवटी चोवीस तास चालणारा म्हणून एक मोबाइल क्रमांक असतो. सही करण्याआधी तो लावून पाहा. दिवसा नाही, रात्री.

हे मी सवयीने करायचे. मंजुरीला आलेल्या पत्रकावरचा क्रमांक रात्री साडेदहाला फिरवायचा. एकदा लागोपाठ तीन रात्री 'हा क्रमांक सध्या बंद आहे' असंच ऐकू आलं. बैठकीत विचारलं तर कळलं, तो फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि ड्रॉवरला सहा वाजता कुलूप लागतं. चाचणी वाईट नव्हती, माणसंही वाईट नव्हती. पण रात्री दोन वाजता १०३ ताप असलेलं पोर घेऊन बसलेल्या बापाला त्या ड्रॉवरचा काय उपयोग?

आता कायदा. २०१९ च्या 'नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमां'नुसार चाचणीत मुलाला इजा झाली, तर उपचार मोफत. ती इजा चाचणीमुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा उपचारांची गरज संपेपर्यंत. थोडक्यात, 'आधी सिद्ध करा, मग बघू' असं तुम्हाला कुणी म्हणू शकत नाही. मुलाला भरती करण्याची वेळ आली, तर ती गंभीर घटना ठरते आणि प्रमुख संशोधकाने २४ तासांत औषध महानियंत्रक, पुरस्कर्ता आणि एथिक्स कमिटी यांना कळवावं लागतं.

चाचणीशी संबंध निघाला तर भरपाई पुरस्कर्त्याने द्यायची. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र नियमातच आहे: ८ लाखांची मूळ रक्कम, तिला वयाचा आणि जोखमीचा गुणांक. १६ वर्षांपर्यंतच्या निरोगी मुलाच्या बाबतीत ही रक्कम साधारण साडेत्र्याहत्तर लाखांवर जाते. कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या टक्केवारीच्या प्रमाणात. नुसतं भरती व्हावं लागलं, तरी दिवसांवर ठरलेली भरपाई असते. हे आकडे वाचताना कसंतरी होतं, मलाही व्हायचं. पण कागदावर 'नियमानुसार भरपाई मिळेल' एवढंच असेल, तर सूत्र काय आणि विमा कोणत्या कंपनीचा, ते विचारायला तुम्ही मोकळे आहात.

७. मुलाला विचारा

७ वर्षांवरच्या मुलाची स्वतःची तयारी लागते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. ही आईबापांच्या संमतीच्या जोडीला, वेगळी. जोखीम जास्त असेल आणि मुलाचा थेट फायदा नसेल, तर आई आणि वडील दोघांच्याही सह्या लागू शकतात. घरात एकाचा विरोध असताना दुसऱ्याने गुपचूप सही करणं तसंही शहाणपणाचं नाही, कारण रात्री ताप येतो तेव्हा तो विरोध पहिल्यांदा जागा होतो.

मुलाला 'तुला काही होणार नाही' असं सांगू नका. 'हात दुखेल, ताप येईल, आणि आणखी काही होतं का तेच डॉक्टर बघतायत' असं सांगा. एका आठ वर्षांच्या मुलाने सगळं नीट ऐकून घेऊन एवढंच विचारलं होतं, "एकूण किती वेळा टोचणार?" खोलीतल्या तीन डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. तक्ता काढून मोजायला लागले. सात निघाले. मुलगा म्हणाला, "पाच असतील तर चालेल." नाव घातलं गेलं नाही, आणि कुणी त्याची समजूत काढायलाही गेलं नाही. तसंच हवं.

८. विचारणारा कोण आहे?

बरेचदा विचारणारे आपले नेहमीचेच डॉक्टर असतात. ज्यांनी बाळाचा पहिला ताप उतरवला, त्यांना नाही कसं म्हणायचं? इथे मराठी माणसाचा भिडस्तपणा आडवा येतो. लक्षात ठेवा, त्या घडीला ते दोन भूमिकांत आहेत: तुमच्या मुलाचे डॉक्टर आणि चाचणीचे संशोधक. ते लबाड आहेत असं नाही. पण चाचणीत नसलेल्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना पत्रक दाखवून 'तुम्ही तुमच्या नातवाचं नाव घातलं असतं का?' असं विचारलंत तर पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. नकार दिला म्हणून नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये, हे तर पत्रकातच लिहिलेलं असतं.

पैशांचं म्हणाल तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळते. रक्कम एथिक्स कमिटीने मंजूर केलेली असते. ती इतकी मोठी नसावी की माणूस पैशासाठी हो म्हणेल. घरभाड्याची नड आहे म्हणून सही करायची वेळ आली असेल, तर त्या दिवशी सही करू नका.

९. मग लोक हो का म्हणतात?

आपल्या मुलाचा फायदा होईलच म्हणून म्हणत असतील, तर तो गैरसमज आहे. तपासण्या नियमित होतात, डॉक्टर फोनवर असतात, हे खरं. पण चाचणी म्हणजे उपचार नाही. पुष्कळ आईबाप हो म्हणतात ते कुणाच्या तरी मुलांनी आधी हो म्हटलं म्हणून आपल्याला लशी मिळाल्या, या हिशेबाने.

बार्शी आणि पुण्याच्या मुलींची गोष्ट मला फार आवडते. २००९ मध्ये देशभरातल्या काही केंद्रांवर एचपीव्ही लशीची आणखी एक चाचणी सुरू झाली होती: तीन डोस लागतात की दोन पुरतात? खम्ममच्या प्रकरणानंतर २०१० मध्ये सरकारने सगळंच थांबवलं, तेव्हा हिचेही पुढचे डोस थांबले. सुमारे १७,७०० मुलींपैकी जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळालेला होता. चाचणी मोडली, असंच कुणालाही वाटलं असतं. पण संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही आणि मुलींनी, त्यांच्या घरच्यांनीही नाही. वर्षानुवर्षं त्या तपासणीला येत राहिल्या. दहा वर्षांनी दिसलं की एका डोसानेही जवळपास तितकंच संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे जे पुरावे होते, त्यांत या मुली आहेत. त्यांची लग्नं झाली असतील, लेकरं झाली असतील. कुठल्या गावच्या त्या बायका, कुणाला ठाऊक नाही.

तरीही 'नको' हे उत्तर तितकंच सन्मानाचं आहे, आणि त्याला कारण द्यावं लागत नाही. हो म्हणून मध्येच बाहेर पडता येतं, तेही कारण न देता. फक्त बाहेर पडताना दोन गोष्टी विचारून घ्या: तोपर्यंत घेतलेल्या रक्ताचं काय करणार, आणि सुरक्षेसाठी एखादी शेवटची तपासणी करून घ्यावी का. रक्त साठवून पुढच्या संशोधनाला वापरायची परवानगी बहुधा वेगळ्या चौकटीत मागितलेली असते. चाचणीला हो म्हणून त्या चौकटीत 'नाही'वर खूण करता येते.

१०. सही केलीत तर

प्रत्येक पानावर तारीख पाहा. सहीपुढची तारीख तुमच्या हाताने घाला. सह्या झालेली प्रत मागून घ्या, ती तुमची आहे. काही चाचण्यांत संमतीचं चित्रीकरण करतात. कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारायला कचरू नका, ते नोंदलं जावं यासाठीच तो असतो. चाचणी चालू असताना नवी माहिती पुढे आली, तर सुधारित पत्रकावर पुन्हा सही मागतात. तेही घरी आणून वाचा.

चाचणीचं ओळखपत्र मिळतं, त्याचा फोटो आई, बाबा आणि आजी तिघांच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कार्ड माता-बाल संरक्षण कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. मूल आजारी पडलं आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं, तर आधी ते दाखवा आणि मग औषध घ्या. टोचण्याच्या दिवशी मुलाला सैल बाह्यांचा सदरा घाला, पोटभर खाऊ घालून न्या. तो रात्रीचा क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवा, आणि पहिल्या रात्री झोपण्याआधी एकदा लावून पाहा.